पाण्याला गेलेली माणसं

मदारखाँ सालोत्री वारल्याची बातमी मला अमरावतीच्या कापूसबाजारात एका गाडीवानाने दिली, आणि देताना तो हसत होता. त्याच्या मनात काही वाईट नव्हतं. खाँसाहेबांचं नाव निघालं की वऱ्हाडच्या गाडीरस्त्यावरची माणसं आधी हसायची, मग इकडेतिकडे बघून विषय बदलायची, आणि ही सवय एका मरणाने थोडीच मोडणार होती! वर्तमानपत्रांत राजे-महाराजे आणि साहेबलोक यांच्या मृत्यूला जागा असते. सालोत्र्याचं, म्हणजे गुराघोड्यांच्या वैद्याचं, मरण छापून आल्याचं माझ्या तरी पाहण्यात नाही. पण या पत्राचे बरेच वाचक आपल्याकडचे आहेत. त्यांतल्या कितीकांच्या गोठ्यातलं एखादं जनावर या माणसाच्या हातून सुटलं असेल, आणि त्यांनी ते आजवर कबूल केलं नसेल. म्हणून हे लिहितो.

शेवटची भेट अकोल्याला, मोर्णेकाठच्या त्यांच्या घरात झाली. पोटात गाठ झाली होती. हकीम येऊन नाडी बघत, मान हलवीत आणि दुवा देऊन निघून जात. मी गेलो तेव्हा खाँसाहेब बाजेवर गुडघे पोटाशी घेऊन पडले होते. डोळ्यांत सुरमा मात्र घातलेला... बायकोकडून, म्हणजे आमच्या चाचींकडून, घालून घेतला असावा. मला पाहून ते काही बोलायला गेले आणि कळ आली. तोंड असं काही वेडंवाकडं झालं की मला तिथे बसवेना. मी उठलो आणि सहज म्हणालो, "थांबा चाचा, पाणी आणतो." त्या दुखण्यातही ते हसायला लागले. हसता हसता खोकला आला, चाची आतून धावत आल्या, तरी हसू थांबेना. ते का हसले हे सांगायचं तर मागे जावं लागेल, अमेरिकेतल्या लढाईपर्यंत.

मी तेव्हा अमरावतीच्या एका व्यापाऱ्याकडे मुनीम होतो. तिकडे लढाई जुंपली आणि इकडे आमच्या कापसाला सोन्याचा भाव आला. आगगाडी अजून वऱ्हाडात पोचायची होती. गठ्ठे बैलगाड्यांनी अमरावतीहून अकोल्याला आणि तिथून पुढे जात, आणि त्यांच्यासोबत मी जात असे. गाड्या इतक्या, की धुळीवरूनच कळे रस्ता कुठे आहे. पूर्वी हे काम पिढीजात गाडीवाल्यांचं होतं; त्यांचे बैल रस्त्याला सरावलेले असत. आता मात्र ज्याच्याकडे दोन बैल तो गाडी जुंपून निघाला. नांगराचे बैल, मोटेचे बैल, आयुष्यभर मऊ काळ्या मातीत चाललेले. दगडी उतारावर आणि नाल्याच्या घसरणीवर ते कसे टिकणार? पाय मोडायचा. मोडक्या पायाचा बैल ना पुढे जातो ना मागे, आणि मागच्या शंभर गाड्यांना तर जायचं असतं. मग चारजण मिळून त्याला रस्त्याच्या कडेला ओढत, मालक त्याच्यापुढे कडब्याची पेंढी टाकी, कपाळाला हात लावून पाया पडे आणि भाड्याचा बैल जुंपून पुढे जाई. उरलेलं काम ऊन, तहान आणि कावळे करीत. कधी दोन दिवस लागत, कधी चार. मी जाताना पाहिलेला बैल येताना तिथेच, मान हलवताना पाहिला आहे.

मदारखाँ तरुणपणी एलिचपूरच्या छावणीत घोड्यांचे सालोत्री होते. तिथली रीत त्यांनी उचलली होती: बरा न होणारा घोडा तडफडत ठेवायचा नाही. छावणी सोडताना एक जुना तमंचा घेऊन आले होते. कापसाच्या हंगामात ते 'शहजादी' नावाच्या आपल्या घोडीवर बसून या रस्त्याने हिंडत. शहजादी म्हणजे एक हडकुळं, चिडकं तट्टू. पण खाँसाहेब तिच्यावर बसत ते सुभेदाराच्या थाटात. कानात अत्तराचा फाया आणि तोंडात अखंड छावणीच्या गप्पा. त्या गप्पांत दरवेळी एक नवा साहेब असे आणि दरवेळी तो खाँसाहेबांचा सल्ला घेत असे! वैद्यकी त्यांची बेताचीच. पोटफुगीवर त्यांनी दिलेल्या औषधाने माझ्या व्यापाऱ्याचा एक चांगला बैल जास्तच फुगला होता. "औषध बराबर व्हतं, बैलच अडाणी," असा त्यांचा निकाल.

पण मोडक्या पायाच्या बाबतीत लोक त्यांनाच शोधत. आता शोधत म्हणजे कसं, तर त्याची एक रीत पडली होती. बैलाला गोळी घाला असं कोण हिंदू शेतकरी तोंडाने म्हणेल? पोळ्याला ज्याच्या पायावर डोकं ठेवायचं त्याच्यासाठी हा शब्द उच्चारला तर पातक, आणि गावी कळलं तर जातीबाहेर. मग मालक खाँसाहेबांना जनावराजवळ आणी आणि म्हणे, "खाँसाहेब, जरा नजर ठेवजा याच्यावर. मी पानी आनायले जातो." आणि जाई. नाला हाकेवर असला तरी बराच वेळ जाई. मागे तमंच्याचा बार होई, तो अर्ध्या कोसावर ऐकू जाई, झाडावरचे पोपट उडत. मग मालक रिकाम्या हातांनी परत येई आणि बैलाकडे बघून म्हणे, "गेला वाटते बिचारा आपल्या मनानं." भोवतालचे गाडीवान म्हणत, "व्हय, आपल्या मनानंच गेला." कोणी मारायला सांगितलं नाही, कोणी मारलं नाही. सगळा रस्ता बहिरा. मला तेव्हा या रिवाजाची गंमत वाटे. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं मी खाँसाहेबांना चिडवलंही होतं. ते म्हणाले, "मूठ त्यायची झाकली, मुनीम. माही उघडीच हाये ना."

ज्या दिवशी असा बार होई त्या दिवशी ते जेवत नसत, हे मला चाचींनी फार पुढे सांगितलं. घरी आले की सरळ शहजादीच्या खोपटात जात आणि तिला खरारा करीत बसत. गप्पा नाहीत, साहेब नाहीत. चाची दाराशी भाकरी ठेवत आणि नंतर उचलून नेत. मौलवींना त्यांनी एकदा विचारलं होतं, की माझ्या हाती हे पाप लिहिलं जातं का पुण्य. मौलवींनी नियत साफ ठेवायला सांगितलं. "नियत साफच हाये," ते चाचींना म्हणाले, "पन झोप काहून येत नाई?"

त्या सालचा हंगाम संपत आला होता. उमा नदीच्या अलीकडे एक नाला आहे, तिथे मी गाड्या थांबवून तोंड धुवायला उतरलो. खाली एक शेतकरी पितळेची चरवी भरत होता. साधारण माझ्याच वयाचा, चांदूर बाजाराकडचा, नाव पुंजाजी. पहिल्यांदाच गाडी घेऊन निघालो म्हणाला, आणि वर रस्त्यावर माझा पाखऱ्या बैल बसला आहे, पायाला लागलं आहे, उन्हाने जीभ बाहेर काढली आहे, असंही म्हणाला. "एक खाँसाहेब भेटले, लय चांगला मानूस. त्यायले बसवलं बैलापाशी अन् आलो पान्याले." नाल्यात पाणी थोडंच उरलं होतं. वरचं गढूळ पाणी तो हाताने बाजूला सारून खालचं स्वच्छ पाणी ओंजळीने चरवीत भरत होता, म्हणून त्याला उशीर लागत होता. त्याच्या तोंडचे शब्द मी ऐकले, ते मला कळलेही, पण त्यांतला अर्थ डोक्यात शिरेपर्यंत वर बार झाला. पोपट उडाले. पुंजाजीने वर पाहिलं आणि मला विचारलं, "कोन्या सायबानं हरीन मारलं का जी?"

 आम्ही दोघे चढण चढलो. तो धावला नाही. चरवी काठोकाठ भरलेली होती, ती सांडू नये म्हणून दोन्ही हातांत धरून पावलापुढे पाऊल टाकीत चालला होता, आणि मी त्याच्या शेजारून चालत होतो. तेवढी चढण मी आयुष्यात कधी चढलो नाही... वर खाँसाहेब उभे होते. त्यांनी आधी पुंजाजीकडे पाहिलं, मग त्याच्या हातातल्या चरवीकडे. त्या चरवीत पाणी होतं. आजवर पाण्याला गेलेल्या कोणीही परत येताना पाणी आणलं नव्हतं. पुंजाजी बैलाजवळ बसला. ओंजळीत पाणी घेऊन त्याने पाखऱ्याचे डोळे पुसले, नाकपुड्या पुसल्या, जीभ ओली करून पाहिली. ओरडला नाही, शिवी दिली नाही. मग म्हणाला, "मी त पानीच आनायले गेल्तो, खाँसाहेब." त्याला रस्त्याची रीत कोणी सांगितलीच नव्हती. संध्याकाळी तो दुसऱ्याच्या गाडीत आपला माल टाकून उरलेल्या बैलाची दोरी धरून गेला. चरवी तिथेच राहिली, ती खाँसाहेबांनी उचलली.

मुर्तिजापूरपर्यंत ते शहजादीवर बसले नाहीत, माझ्याबरोबर चालले. एवढंच बोलले: "पाय मोडलाच व्हता, मुनीम. हाडाचे दोन तुकडे. पायात मी चुकलो नाई. पन मानसाले इचारलं नाई ना... तो निरोप घेऊन घेता." निरोप घेतला असता, असं त्यांना म्हणायचं होतं. मी म्हणालो की बैलाला काय फरक पडला असता? ते थांबले, माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा चालायला लागले.

पुढच्या हंगामात त्यांनी नवा नियम काढला. पाण्याला जायचं नाही. मालकाने बैलाजवळ बसायचं, मानेवर हात ठेवायचा आणि तोंडाने म्हणायचं, की सोडवा याला. तरच तमंचा निघेल. झालं! रस्ताभर बोंबाबोंब. म्हातारचळ लागला म्हणाले, आमचा धर्म बुडवायला निघाला म्हणाले. बार्शीटाकळीकडच्या एका पाटलाचा उंचापुरा बैल काटेपूर्णेच्या उतारावर गाडीखाली सापडला, त्याचे मागचे दोन्ही पाय गेले. पाटील नेहमीप्रमाणे म्हणाला, "पाहा जरा खाँसाहेब, मी पानी घेऊन येतो." खाँसाहेब म्हणाले, "पानी माह्यापाशी हाये, पाटील. तुमी बसा." पाटील उसळला. "तुले काय जाते त्याच्यात? पहिले त मुकाट्यानं करत होता!" "पहिले तुमी जात होते. आता नका जाऊ." पाटील गेला तो गेलाच. बैल तिथेच राहिला, आणि खाँसाहेबही. मी दुसऱ्या दिवशी तिथून गेलो तर हा माणूस पागोटं सोडून त्याच्या टोकाने कावळे हाकीत बसलेला, समोर पुंजाजीची चरवी, आणि तमंचा खोगिराच्या पिशवीतच. बैलाचा आवाज निघत नव्हता, नुसती फुसफुस. तिथे मी त्यांच्याशी भांडलो. "तत्त्व तुमचं आणि तडफडायचं त्यानं? शिक्षा पाटलाला करता की बैलाला?" असं बरंच बोललो. आजही मला वाटतं की माझं म्हणणं खोटं नव्हतं. त्यांना तर ते माझ्याहून अधिक समजत होतं, नाहीतर चेहरा असा झाला नसता. ते म्हणाले, "तू म्हनतं ते खरं हाये. पन मी एकटा किती जनायचं उचलू, मुनीम? हरेक येतो, आपलं ओझं माह्यापाशी ठेवतो अन् पान्याले जातो."

माझ्या वादाने काही झालं नाही. झालं ते दुपारी पाटलाची बायको आली म्हणून. तिला घरच्या गड्याकडून कळलं होतं. ऊन डोक्यावर घेत बाई गावाहून चालत आली होती, पदराखाली वाटी. वाटीत लोणी आणि हळद. पोळ्याच्या आदल्या दिवशी आपल्याकडे बैलांचे खांदे शेकतात, तशी ती बैलाच्या खांद्याला, जुवाच्या घट्ट्यावर, लोणी-हळद चोळायला लागली आणि चोळता चोळता सवयीने म्हणूनही गेली, "आज आवतन घ्या, उद्या जेवायले..."  तिने बैलाच्या मानेवर हात ठेवला आणि खाँसाहेबांकडे न बघता म्हणाली, "सोडवा बापा याले. पाप लागलं त मले लागू द्या." बार झाला तेव्हा तिचा हात मानेवरच होता. मग ती उठली आणि वाटी पदराखाली घेऊन आली तशी गेली. खाँसाहेब मोठ्याने रडले, अगदी लहान पोरासारखे. पण त्या संध्याकाळी ते माझ्या गाडीतळावर आले आणि दोन भाकरी मागून जेवले. असं आधी कधी झालं नव्हतं, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

त्यानंतर काहीजण थांबायला लागले. सगळे नाही, बहुतेकांनी दुसरा रस्ता काढला, म्हणजे खाँसाहेबांना बोलावणंच बंद केलं. रस्त्याच्या कडेला कावळे होतेच. या सगळ्याने जग सुधारलं असं मी लिहिणार नाही, कारण ते सुधारलेलं नाही. त्यांच्या नियमाने काही बैल जास्त तडफडले, हेही खरं आहे आणि ते त्यांना विसरता आलं नाही.

चरवी परत करायला ते एकदा मुद्दाम चांदूर बाजाराला गेले. पुंजाजी सापडला. त्याने त्यांना ओसरीवर बसवलं, गूळपाणी दिलं, पण चरवी काही घेतली नाही. म्हणाला, "तुमच्यापाशीच राहू द्या. फकत भरून ठेवत जा." क्षमा केली की शिक्षा दिली, यावर खाँसाहेब आणि मी पुष्कळदा बोललो. त्यांचं ठरलं नाही. तेव्हापासून ती चरवी त्यांच्या दाराशी भरलेली असे, रस्त्याने जाणारं कोणतंही जनावर तिच्यात तोंड घाली आणि खाँसाहेब ती पुन्हा भरून आणत.

मग आगगाडी आली. गठ्ठे डब्यांत भरून जायला लागले, गाड्या गावोगावच्या स्टेशनापुरत्या उरल्या. खाँसाहेबांना काम राहिलं नाही आणि त्याचं त्यांना दुःखही नव्हतं. शहजादी म्हातारी झाली, आंधळी झाली, आणि एका सकाळी उठलीच नाही. ऊर धपापत पडून राहिली. खाँसाहेबांनी तमंचा काढला, पुसला, भरला. मग तो खोपटाच्या वळचणीला ठेवला आणि चाचींना म्हणाले, "मी जरा पानी आनतो." आणि चरवी उचलून मोर्णेवर गेले. चाची सांगत होत्या की त्या खोपटाशी उभ्या राहून वाट बघत राहिल्या. पण मागे राहून ते काम करणारा दुसरा मदारखाँ अकोल्यात होता कुठे! बऱ्याच वेळाने ते आले, चरवी रिकामीच. शहजादीजवळ बसले, मानेवर डावा हात ठेवला, आणि उजव्याने... नंतर मला म्हणाले, "मुनीम, मी लोकायले उगाच बोललो. त्या दिशी माहे पाय आपल्या मनानं चालत व्हते नदीकडं." मी म्हणालो, "पण परत आलात ना?" "आलो," ते म्हणाले, "दुसरं कोनी नोतं म्हनून."

असं सगळं होतं, आणि त्या माणसाच्या बाजेशी उभा राहून मी म्हणालो होतो की पाणी आणतो. हसू ओसरल्यावर त्यांनी माझा हात पकडला. चरवी दाराशी भरलेली दिसत होती. मला तहान नव्हती, त्यांनाही नव्हती, आणि हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. "कोठी चालला, लेका? बस," ते म्हणाले. "माह्यासाठी तमंचा नाई चालत. मानसाले शेवटपर्यंत जा लागते. पन कोनी पान्याले गेलं नाई पायजे." मी बसलो. मानेवर हात ठेवायचा धीर झाला नाही, खांद्यावर ठेवला. कळ आली की ते डोळे मिटत, गेली की छावणीतल्या एका साहेबाची गोष्ट पुढे सांगत. साहेब अर्थातच त्यांचा सल्ला घेत होता. संध्याकाळची गाडी चुकली, तरी मी उठलो नाही. दुसऱ्या सकाळी निघालो तेव्हा ते झोपले होते.

चाळिसावं झालं म्हणून गेल्या आठवड्यात बडनेऱ्याहून अकोल्याला गेलो. खोपट मोडून टाकलं आहे. तमंचा चाचींनी नदीत टाकला असं म्हणतात. मी विचारलं नाही. चरवी दाराशी होती, कोरडी. चाचींचे गुडघे धरले आहेत, नदीपर्यंत जाववत नाही. तरी मला बसायला घोंगडी टाकून त्या चरवी घेऊन निघाल्या. मी ती त्यांच्या हातातून घेतली आणि म्हणालो, "बसा चाची, मी पाणी आणतो." तोंडातून शब्द गेले, मग कळलं. त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मी मोर्णेवर गेलो, वरचं गढूळ पाणी हाताने बाजूला सारलं, खालचं ओंजळीने भरलं. येताना सांडू नये म्हणून हळूहळू चाललो. दुरून दिसलं की चाची घोंगडीवर बसल्याच नव्हत्या, दारात उभ्या होत्या. मी जवळ गेल्यावर त्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं नाही, चरवीत वाकून पाहिलं.

"भरून आनली," त्या म्हणाल्या, आणि चरवी दारापाशी तिच्या जागेवर ठेवली.